तांबड्या होल्याची दुपार

आमच्या घरात काहीही उलटंपालटं झालं की "एकतीस नंबर झाला" म्हणतात. साखरेच्या बरणीत मीठ पडलं, एकतीस नंबर. बाबा वाचनालयातून दुसऱ्याची छत्री घेऊन आले आणि आपली तिथंच ठेवून आले, एकतीस नंबर. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच घरांत असं म्हणत असतील. शाळेत बाईंनी एकदा दोन मुलींच्या वह्या अदलाबदल करून वाटल्या, तेव्हा मी मोठ्यानं "एकतीस नंबर" म्हणाले आणि कुणीच हसलं नाही. तेव्हा कळलं की हा विनोद आमचा घरगुती आहे. तो कुणाच्या जिवावर चालला होता, हे कळायला मात्र शेहेचाळीस वर्षं गेली.

बाबा पक्ष्यांची चित्रं काढायचे. संग्रहालयात चित्रकार म्हणून नोकरी, दहा ते पाच. मोराला, गरुडाला, खंड्याला चित्रकार पुष्कळ मिळतात; होल्याला कोण विचारतो? तो बिचारा तारेवर बसून दिवसभर एकच वाक्य म्हणतो. बाबांनी मात्र सगळं आयुष्य त्याच कुळावर घालवलं आणि माझ्या जन्माच्या वर्षी 'होले आणि पारवे' नावाचं मोठ्या आकाराचं पुस्तक काढलं. चाळीस रंगीत चित्रं, सहाशे प्रती. त्यातलं एकतिसावं चित्र तांबड्या होल्याच्या जोडीचं.

आता घरातली एक गोष्ट सांगून टाकते, कारण आता ती सांगायला हरकत नाही. बाबांना रंग नीट दिसत नाहीत. तांबडा आणि तपकिरी त्यांना एकच वाटतात, हिरवा आणि मातकट सख्खे भाऊ. पक्ष्यांच्या चित्रकाराला रंग कळत नाहीत हे बाहेर कळलं असतं तर नोकरी राहिली नसती, म्हणून या बाबतीत आमच्याकडे कायमची अळीमिळी गुपचिळी. काम चालायचं ते असं: बाबा पेन्सिलीनं पक्षी काढणार, पिसन्‌पीस, नखन्‌नख, आणि प्रत्येक भागावर बारीक आकडा घालणार. एक, दोन, तीन, असे बारापर्यंत. आई बारा वाट्या मांडून बसणार, नमुन्याकडे बघून रंग कालवणार आणि त्या त्या आकड्यावर भरणार. कुठल्या पक्ष्याचा सात म्हणजे काय, हे तिच्या वहीत लिहिलेलं. शेवटी उजव्या कोपऱ्यात बाबांची सही. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, आणि सही एकाचीच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी पुढे फोटोग्राफर झाले, पण लेकीचे डोळे कॅमेऱ्याला असतात तेवढे घरात नसतात.

तांबड्या होल्याचा नर विटकरी रंगाचा, डोकं राखी, मानेवर काळी पट्टी. मादी तपकिरी. एकतिसाव्या चित्रात घरट्यावर बसलाय तो विटकरी, आणि शेजारच्या फांदीवर उभी आहे ती तपकिरी. पुस्तक छापून झाल्यावर मजकूर लिहिणाऱ्या प्रोफेसरांनी ते बघितलं आणि म्हणाले की हे उलटं झालं, अंडी उबवायला नर कसा बसेल? प्रोफेसर खरे तर माशांचे तज्ज्ञ होते, पण प्रोफेसर होते. मग प्रत्येक प्रतीत त्या पानावर एक चिठ्ठी लागली: "चित्र क्र. ३१ मध्ये नर व मादी यांच्या रंगांची अदलाबदल झाली आहे. वाचकांनी कृपया दुरुस्त करून घ्यावी." म्हणजे आईनं आकडे चुकीचे भरले. तेव्हा ती आजारी होती, मी पोटात होते, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे कुणी तिला फार बोललं नाही. नुसता घरात एक विनोद शिल्लक राहिला.

यंदा त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची ठरली. डाव्या पानावर बाबांचं चित्र, उजव्या पानावर त्याच पक्ष्याचा मी काढलेला फोटो. बापलेकीचं पुस्तक, असं प्रकाशकाच्या संपादिकेनं सुचवलं, आणि बाबा महिनाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते. मी बावीस वर्षं पक्ष्यांचेच फोटो काढते. बियाण्यांच्या पाकिटांवर, दिनदर्शिकांवर, शाळेच्या पुस्तकांत जे पक्षी दिसतात त्यांतले पुष्कळ माझे. तांबड्या होल्याचा माझा फोटो तर आमच्या फोटोग्राफी क्लबाच्या स्पर्धेत पहिला आलेला: सकाळचे पावणेसात, सोन्यासारखा उजेड, घरट्यावर तपकिरी मादी आणि तिच्या डोळ्यात सूर्याचा एक ठिपका.

फाइली छापखान्यात जायला नऊ दिवस उरले असताना संपादिकेचं पत्र आलं. मी ते आईबाबांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं. डावीकडे नर घरट्यावर, उजवीकडे मादी घरट्यावर, वाचक गोंधळतील. चूक सांगणारी चिठ्ठी जुन्या आवृत्तीत होतीच. तेव्हा चित्रातले रंग संगणकावर अदलाबदल करून घेते, पाच मिनिटांचं काम आहे. तुमची संमती कळवा.

"करू दे की," बाबा म्हणाले. "तेवढाच डाग पुसला जाईल."

आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ते चित्र बदलू नका."

"अगं, चूक आहे ती. सगळ्यांना माहीत असलेली."

"बाकीच्या एकोणचाळीस चित्रांचं काय हवं ते करा," आई म्हणाली. "ते बदलू नका." आणि मटाराचं ताट उचलून आत गेली.

आईनं काही मागितल्याचं आम्हाला दोघांनाही आठवत नव्हतं. ती "चालेल" म्हणणारी बाई. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. मला वाटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा कसला हट्ट, चूक ती चूक. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"आई, अगं तू आजारी होतीस तेव्हा. तुला कोण दोष देतंय?"

"तू किती घरटी बघितलीस आत्तापर्यंत?" तिनं विचारलं.

"शंभर तरी."

"दुपारी किती?"

"दुपारी कोण फोटो काढतं? ऊन डोक्यावर असतं, सावल्या काळ्या पडतात, पक्षी थापल्यासारखा दिसतो."

"मग फोटो नको काढूस," आई म्हणाली. "दुपारी जाऊन नुसतं बघ." आणि तिनं नळ सोडला. आमच्याकडे नळ सोडला की संभाषण संपलं असं समजतात.

घरी येऊन मी संगणकावर माझे सगळे जुने फोटो काढले. तांबड्या होल्याच्या घरट्यांचे दोनशे चौदा निघाले. प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची वेळ लिहिलेली असते. ती मी कधी चांगल्या उजेडाचा हिशोब सोडून दुसऱ्या कशासाठी बघितली नव्हती. आता वेळेप्रमाणे लावले. सकाळी नऊच्या आधीचे एकशे सत्तर, संध्याकाळी साडेपाचच्या नंतरचे चव्वेचाळीस. मधल्या साडेआठ तासांत माझ्या लेखी तो पक्षी अस्तित्वातच नव्हता. बावीस वर्षं मी दुपारी जेवून झोपले होते, आणि मला पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या गुरूंनीही तेच सांगितलं होतं: दुपारी कॅमेरा आणि फोटोग्राफर दोघांनी सावलीत राहावं. कुणी तोंडात मारावी तसं मला झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानामागच्या झाडावर गेले, जिथं माझं बक्षिसाचं घरटं होतं. त्या जागी काटक्याही उरल्या नव्हत्या. त्याच्या पलीकडची दोन झाडं बघितली, एकावर पारव्यांची भांडणं चालली होती आणि दुसऱ्यावर कावळा असा निवांत बसला होता की घरटं असलंच तर ते काल संपलं. होल्याचं घरटं म्हणजे काय, चार काटक्या आडव्या, चार उभ्या, आणि वर देवाचा भरवसा. तीन दिवस असेच गेले. छापखान्याला सहा दिवस राहिले. संपादिकेची दोन पत्रं आली. मी दोन्हींना "कळवते" असं लिहिलं, आणि बाबांना सांगितलं की मी विचार करतेय.

चौथ्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या जुन्या टाकीच्या आवारात एक घरटं सापडलं. पंपघराला लागून काटेरी झाड, माणसाच्या उंचीच्या दुप्पट उंचीवर घरटं, आणि खाली खुर्ची टाकून बसलेला रखवालदार. त्याला मी काय काम आहे ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे, माझ्या हातभर लांब लेन्सकडे आणि मग झाडाकडे बघितलं.

"ह्याच्यासाठी एवढं?" तो म्हणाला. "ती लाल बाई ना? बसलेली असते दिवसभर. गुणाची आहे. तिचा नवरा मात्र फिरकत नाही, तपकिरी तो. सकाळी मी ड्यूटीवर येतो तेव्हा तेवढा दिसतो, मग जातो उडून."

"ती बाई नाही," मी म्हणाले. "लाल असतो तो नर."

"काय सांगता ताई." रखवालदार खुर्चीत सरळ झाला. "दहा दिवस मी त्याला वहिनी म्हणतोय."

मी पंपघराच्या सावलीत बसले, दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सकाळी तपकिरी मादी बसलेली. साडेनवाच्या सुमारास विटकरी नर शेजारच्या फांदीवर येऊन घुमायला लागला, दोनचारदा मान वरखाली केली, मादी उठली आणि तो तिच्या जागी सरकला. अंडी जेमतेम श्वासाएवढा वेळ उघडी राहिली. मग तो दुपारभर हलला नाही. ऊन पानांतून खाली पडत होतं, पंप घरघरत होता, रखवालदार पेपरमधलं शब्दकोडं सोडवत होता आणि अधूनमधून मला अडलेला शब्द विचारत होता. पाचच्या सुमारास मादी आली आणि हा उठून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच, पंधरावीस मिनिटं इकडेतिकडे. साडेनऊ ते पाच. ऑफिसला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हा पक्षी घरट्यावर दिसणं शक्यच नव्हतं, कारण दोघांच्या ड्यूटीची वेळ एकच. बाबा तेव्हा संग्रहालयात असायचे, प्रोफेसर कॉलेजात. पलंगावर, खिडकीपाशी, सात महिन्यांची पोटुशी आई तेवढी घरी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा वळसा मी बावीस वर्षं घातला, तोही टेलिफोटो लेन्स खांद्यावर टाकून.

भर एक वाजता मी फोटो काढला. वाईट फोटो. पाठीवर उन्हाचा पांढरा फटकारा, पोटाखाली काळी सावली, एक पान थेट शेपटीवर आडवं आलेलं. पण विटकरी अंग, राखी डोकं, मानेवर काळी पट्टी आणि खाली घरटं. असा फोटो क्लबात कुणी नवशिक्यानं दाखवला असता तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मात्र तो मी दहा वेळा उघडून बघितला आणि मला फार आनंद झाला.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आईबाबांकडे गेले. बाबांच्या समोर एका बाजूला सकाळचा फोटो ठेवला, दुसऱ्या बाजूला दुपारचा. म्हटलं, बघा. बाबांनी चष्मा पुसला, जवळून बघितलं, लांबून बघितलं. मग म्हणाले, "काय बघू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोन दिवस बसून आणलेला पुरावा रंगाचा होता, आणि बाबांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी दोन होले, दोन घरटी, एक फोटो बरा आणि एक वाईट.

"बाबा, हा दुपारचा आहे तो तांबडा. नर आहे. रोज साडेनऊ ते पाच तोच बसतो. मी दोन दिवस बघितलं."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे चित्र बरोबर होतं," बाबा म्हणाले. ते खुर्चीला टेकले आणि चेहरा हळूहळू फुलला. "अगं ऐकलंस का? तुझी चूक चूक नव्हतीच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तशी गंमत झाली. तू आकडे चुकवलेस आणि ते बरोबर निघाले."

आई दारात उभी होती. "तिनं सांगितल्यावर लगेच पटलं तुम्हाला," ती म्हणाली.

"म्हणजे काय, तिनं डोळ्यांनी बघितलंय."

"मी कशानं बघितलं होतं?"

मी लॅपटॉप मिटला, कारण मला एकाएकी पुढचं सगळं समजलं आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

आई येऊन खुर्चीवर बसली. आवाज चढवला नाही, तिला चढवता येतच नाही. "तीन आठवडे माझ्या खिडकीसमोर, तुम्ही चित्रात काढलंत ते घरटं होतं. मला दुसरं कामच नव्हतं. तुम्ही घरी आलात की मी सांगायचे, दुपारी लाल बसतो. एकदा सांगितलं, तेव्हा तुम्ही पेन्सिलीला टोक करत होतात, म्हणालात, असेल पान आडवं आलेलं. दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हणालात, तू पडून राहा, डोक्याला त्रास देऊ नकोस. मग बसलेल्या पक्ष्यावर मादीचे आकडे घालून कागद मला दिलात. मग मी तिसऱ्यांदा रंगातच सांगितलं."

"तू मुद्दाम..." बाबा म्हणाले. "तू तेव्हा आजारी होतीस, मला वाटलं..."

"आजारी होते. आंधळी नव्हते." ती जराशी हसली, पण ते हसू बाबांकडे बघून नव्हतं. "एकोणचाळीस चित्रं माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून केलीत. विसाव्या चित्रातला हिरवा मी सांगितला तसाच मानलात, तिथं प्रोफेसरांना विचारलं नाहीत. आणि एकतिसाव्याला तुम्हाला त्यांचे डोळे लागले. ते मासेवाले."

"मासेवाले" ऐकून मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. शेहेचाळीस वर्षं ही बाई तोंडातून ब्र न काढता त्या विनोदाला हसत होती. मी स्वतः तो विनोद हजार वेळा केला असेन, तिच्या हातचं खात, तिच्या समोर बसून. मला लाज वाटली आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू तर पोटात होतीस. तुझा काय संबंध?"

बाबा त्या रात्री जेवले नाहीत, असं सांगायला चांगलं वाटलं असतं, पण ते नेहमीसारखे जेवले. फक्त एकदाही बोलले नाहीत. बाबा जेवताना बोलत नाहीत म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि संपादिकेला फोन लावायला सांगितला. बाबांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्यात थांबल्या होत्या, असं मला नंतर कळलं.

"चित्र बदलायचं नाही," बाबा म्हणाले. "चित्र बरोबर आहे. चूक चिठ्ठीत होती, आणि चिठ्ठी मी लिहिली होती. हो, मी. आता पुढचं लिहून घ्या. रंग माझे नाहीत. एकाही चित्रातले नाहीत. मला रंग दिसत नाहीत. नाही, आता म्हातारपणी नाही, जन्मापासून. हो. मग कुणी भरले म्हणजे काय, माझ्या बायकोनं भरले. तिनं बघितलं आणि मी त्याच्या कडा काढल्या."

बाबांनी दोनदा "हॅलो" म्हटलं. मग संपादिकेनं काहीतरी विचारलं आणि बाबांनी फोन आईच्या हातात दिला. आईनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, माहेरचं घालू की सासरचं असं विचारून शेवटी दोन्ही घातली. मलाही एक प्रश्न आला: उजव्या पानावर तो बक्षिसाचा फोटो ठेवायचा ना? मी म्हटलं, नाही, दुपारचा पाठवते. संपादिकेनं तो बघून कळवलं की उजेड फारच कडक आहे. मी लिहिलं की एक वाजताचा उजेड असाच असतो, खाली वेळ छापा.

फाइली वेळेवर छापखान्यात गेल्या. इथं गोष्ट संपली असती, पण बाबांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. जुन्या सहाशे प्रतींचं काय? त्या कुठल्या कुठल्या वाचनालयांत, शाळांत, लोकांच्या कपाटांत पडल्यात आणि प्रत्येकीत ती चिठ्ठी आहे. मी म्हटलं, असू दे की आता. बाबा ऐकायला तयार नाहीत. त्यांनी आपली प्रत कपाटातून काढली, एकतिसावं पान उघडलं आणि चिठ्ठीखाली नख घालून बघितलं. चारी बाजूंनी घट्ट. मग किटली ठेवली, वाफ धरली. अर्धा तास लागला, आणि शेवटी चिठ्ठीबरोबर चित्राखालच्या कागदाचा पापुद्राही निघाला. बाबांचा जीव हळहळला.

"मैद्याची खळ चांगली केली होती आपण," ते आईला म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्या चिठ्ठ्या छापखान्यात लागल्याच नव्हत्या. पुस्तकं बांधून झाल्यावर प्रोफेसरांना चूक दिसली, तेव्हा छापखान्यानं चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि सहाशे पुस्तकं घरी पाठवून दिली होती. मी दीड महिन्यांची होते, पाळण्यात. बाबा आणि आई तीन दिवस जमिनीवर बसून चिठ्ठ्या चिकटवत होते. तीनशे बाबांनी, तीनशे आईनं. खरं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या बाईनं, आपण चुकलो असं सांगणारा कागद तीनशे वेळा स्वतःच्या हातानं लावला होता. हे ऐकून मला बाबांचा इतका राग आला की मी उठून खिडकीपाशी गेले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांनी त्या सकाळचं फोनवरचं बोलणं जिन्यात ऐकलेलंच होतं, आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हणून आपली प्रतच घेऊन आल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. "माझ्यातलीही काढून द्या काका," त्या म्हणाल्या.

बाबांनी परत किटलीकडे हात नेला. डॉक्टरीणबाईंनी एकतिसावं पान उघडलं आणि चिठ्ठी आपोआप घसरून त्यांच्या मांडीवर पडली. पानावर काही नाही, फाटलं नाही, डाग नाही, फक्त चिठ्ठीचा वरचा डावा कोपरा होता तिथं बोटाच्या टोकाएवढी पिवळट खूण. मी आत माझ्या जुन्या खोलीत जाऊन माझी प्रत आणली, माझ्या पहिल्या कॅमेऱ्याबरोबर आईनं मला दिलेली. त्यातली चिठ्ठीही एकाच कोपऱ्यावर लोंबत होती. नुसतं हात लावल्यावर सुटली.

बाबांनी तीनही पानं शेजारी शेजारी ठेवली. एक खरवडलेलं, दोन स्वच्छ. मग त्यांनी आईकडे बघितलं.

"माझ्या वाटच्यांना मी एकाच कोपऱ्याला खळ लावली होती," आई म्हणाली.

"का?"

"कधीतरी काढायला लागणार होत्या ना. पान फाटू नये म्हणून."

बाबांनी त्या स्वच्छ पानावरून हात फिरवला. मग त्यांनी चष्मा खिशात घातला, किटली रिकामी करून पिशवीत ठेवली आणि उठले.

"म्हणजे माझ्याच तीनशे राहिल्या," ते म्हणाले, आणि मला विचारलं की वाचनालय किती वाजता उघडतं.